काढून टाकलेली टेस्ट

ती. आईस,
इथूनच पाया पडते. मी ठणठणीत आहे, वेळेवर जेवते. या पत्रातला राग तुझ्यावर नाही, घाबरू नकोस.

प्रोग्रॅम ज्या भाषेत लिहितात, तशी एक भाषा आमची कंपनी बनवते. तिच्यातली चूक सुधारली, की ती परत उगवू नये म्हणून मी एक टेस्ट, म्हणजे आपोआप चालणारी तपासणी, लिहिते. भाषेत काही बदललं, की जुन्या सगळ्या टेस्ट पुन्हा चालवायच्या. सोमवारी एक नापास झाली. वजा आकड्यांचा भागाकार चुकत होता. साहेबांनी चूक सुधारायची सोडून माझी टेस्टच काढून टाकली आणि नवी आवृत्ती बाहेर पाठवली!

काल तक्रारी आल्या, तर सगळ्यांसमोर मलाच म्हणाले, "तुमचं लक्ष कुठं असतं?" माझ्या अंगाचा तिळपापड झाला. टेस्ट कोणी काढली, याची नोंद मी पडद्यावर उघडली. नाव त्यांचंच होतं.

तरी माफी नाहीच. "जाऊ द्या, पुढची आवृत्ती तपासली म्हणून या कागदावर सही करा."

"आधी भागाकार दुरुस्त करा," मी म्हटलं.

बाबांचा खोकला कमी झाला का? त्यांना यातलं सांगू नकोस. म्हणतील, सही कर आणि गप्प बस. आज सकाळी तो कागद पुन्हा टेबलावर आला होता. मी तसाच परत पाठवला.

तुझी तापट लेक