शेवटचं काज

ता. १४, मंगळवार

ताई,

नमस्कार. तू बरी असशील. मी बरी आहे. दुकानातली शिवणाची मशीन पण बरी आहे, परवाच तेल घातलं. सकाळी दुकान उघडते, दुपारनंतर दवाखान्यात आईजवळ. तुझा फोन येतो तेव्हा माझ्या तोंडून नुसतं हं हं निघतं, म्हणून लिहितेय. चुका दिसतील, हसू नकोस. वर्गात उभं राहून वाचायला लागू नये म्हणून शाळा सोडलेली मुलगी आहे मी, तेवढं समजून घे.

आईचा ताप उतरलाय. पण रक्तातलं इन्फेक्शन आहेच, म्हणून सोडत नाहीत. डॉक्टर म्हणतात, इतके दिवस दवाखान्यात पडून राहिलं की माणसाला भास होतात, आपण वाद घालायचा नाही. तुझ्याबद्दल ती काही बोलत नाही. तेव्हा काळजी करू नकोस.

भास म्हणजे काय, तर ती कपडे शिवते. चादर मांडीवर ओढते, नसलेला दोरा ओठांनी ओला करून नसलेल्या सुईत ओवते. शेवटी दोरा दातांनी तोडते ना, तो टक् आवाजसुद्धा येतो. आधी मला हसू आलं. मग ती म्हणाली, "अगं, गिऱ्हाइकांना बसायला दे की. भिंतीला टेकून उभी आहेत कधीची."

चांगलं ऊन आलेलं होतं. भिंतीपाशी कुणी नव्हतं. मी स्टूल नेऊन ठेवलं.

"एकच?" आई म्हणाली. "असू दे. कुणी घाई करत नाही, कटकट करत नाही. अशी गिऱ्हाईकं मिळायला नशीब लागतं."

थोड्या वेळानं शेजारच्या पेशंटचे मिस्टर येऊन त्या स्टुलावर बसले, तर आई केवढ्यानं ओरडली, "अहो, बाईच्या मांडीवर काय बसताय!" ते असे उठले की अर्धा चहा पँटवर. सगळा वॉर्ड हसला. मीपण. फक्त खिडकीजवळची आजी हसली नाही. ती स्टुलाकडेच बघत होती.

मग आईनं त्या आजीचा गाऊन शिवायला घेतला. झाल्यावर हाक मारली, "आजी, तयार आहे हो, घ्या." ती आजी कुणाशी बोलायची नाही, घासही दुसऱ्यानं भरवावा लागायचा. तिनं दोन्ही हात पुढे केले. आईच्या हातात जे नव्हतं ते मी घेतलं आणि आजीच्या हातांवर नेऊन ठेवलं. काय करणार, दोघी माझ्याकडे बघत होत्या. आजीनं नीट घडी घातली, उशाशी ठेवली. दुसऱ्या दिवशी गेले तर खाटेवर नवी चादर.

सिस्टर म्हणाल्या, त्या जाणारच होत्या गं. पण मग कोपऱ्यातल्या मास्तरीणबाईंचा झगा झाला, आणि त्या तर बऱ्या होऊन घरी निघाल्या होत्या. बॅग भरलेली होती. ती बॅग न्यायला त्यांचा भाऊ आला. आता सिस्टर आईच्या खाटेशी येताना दंड अंगाशी घट्ट धरून येतात. "माझं माप घेऊ देऊ नकोस हं," मला हळूच म्हणाल्या. नुसते ओठ हसत होते.

ताई, वर लिहिलंय की तुझ्याबद्दल ती बोलत नाही, ते खोटं आहे. आता ती तुझा कोट शिवतेय. निळा. तुझ्या नोकरीच्या मुलाखतीसाठी तिनं शिवला होता, आणि "खांदे बघ याचे, हँगरसकट शिवलायस का?" म्हणून तू फेकलास, रेडीमेड घालून गेलीस आणि परत आलीच नाहीस, तोच. परत पहिल्यापासून बेतलाय. तुझी मापं तिला पाठ आहेत.

तिची रीत तुला माहीत आहे. गिऱ्हाइकाच्या अंगावर घालून बघितल्याशिवाय शेवटचं काज करायचं नाही. मी तेच धरून बसले. "फिटिंग राहिलीय ना आई," म्हटलं. मला वाटलं, तू काही येत नाहीस, कोट तिथंच अडकून राहील.

तिनं वर बघितलं. माझ्याकडे. "आलीस थोरले? अशी समोर ये. पोक काढू नकोस."

मी उभी राहिले. सगळ्या वॉर्डसमोर, हात लांब करून. तिनं कोट माझ्या अंगात चढवला, टाचण्या लावल्या, खांद्यावरून हात फिरवला. मी विचारलं, "धाकटी कुठंय?"

"असेल दुकानात. तिचं काय, तिला काहीही घाल, बरंय म्हणते. तुझ्याच कपड्यात मला माया जास्त सोडावी लागते. कधी कुठं वाढशील, नेम नाही."

शिवणीतली माया गं. उसवून मोठं करता यावं म्हणून जादा कापड आत दुमडून ठेवतो ती. तेवढंच म्हणत होती ती.

तेव्हापासून रोज मी तू होते आणि खोट काढते. कॉलर टोचते. बाही आखूड झाली. अस्तर ओढतंय. "रेडीमेडवाली आली मोठी!" म्हणून ती चिडते, आणि उसवायला घेते. उसवत असते तोवर छान असते. पाणी मागते, दोन घास खाते, गालावर रंग येतो. परवा माझ्याकडे सांगायला काही उरलं नाही. मी नुसताच हात वर केला आणि काखेत आवळलं. खरंच आवळलं, ताई. अंगात माझा तो ढगळ स्वेटर होता, त्यात आणखी एक मी मावेन. घरी येऊन आरशात बघितलं तर काखेत लाल वळ.

तेही तिनं उसवून परत शिवलंय. आता एक काज राहिलंय. ते झाल्यावर ती कुणाला हाक मारेल? माप तुझं, अंग माझं, शिवणारी ती. मला काही कळत नाही.

मी जन्मात कशाला वाईट म्हटलेलं नाही. मला आता सुचत नाही. तुला तर दारातूनच खोट दिसायची. म्हणून तू ये. उद्याच नीघ.

पण एक ऐक. तिला तुझ्या तोंडून काय ऐकायचंय ते मला माहीत आहे, तुलापण माहीत आहे. तिचे हात बघितलेस की तुला तेच म्हणावंसं वाटेल. म्हणू नकोस. कोट चांगला झालाय असं चुकूनही म्हणू नकोस, तुझ्या पाया पडते. आल्या आल्या खांद्यापासून सुरुवात कर. पूर्वीसारखी भांड तिच्याशी. मी बाहेरच्या बाकावर बसून ऐकेन.

तू येईपर्यंत तूच असलेली,
धाकटी