शेठच्या हातची दाढी

९ जानेवारी

न्हाव्याला आज बाबांनी हाकलून दिलं! बिचारा घरी येऊन डब्यातला फेस लावायला गेला, तर बाबांनी तो टॉवेलने पुसून टॉवेल त्याच्याच अंगावर फेकला. "माझा ब्रश कुठाय? शेठ कुठाय?"

शेठ म्हणजे माझा धाकटा भाऊ. बाबांनी ठेवलेलं लाडाचं नाव. मला लाडाचं नाव नाही. मला नुसतं "अगं".

हात थरथरायला लागले तेव्हापासून बाबांची दाढी शेठच करायचा. बाबांनी पहिल्या पगारातून घेतलेला तो ब्रश, तो वाटीतला साबण, सगळा थाट! आता शेठ बदली होऊन गेला, महिन्या-दोन महिन्यांनी उगवतो. मी म्हटलं, मी करते की. तर म्हणे, "बाईमाणसाच्या हातात गळा देऊ?" माझ्या हातचं जेवण चालतं, औषध चालतं, मी धुतलेल्या चादरी चालतात. गळा मात्र शेठसाठी राखीव!

१० जानेवारी

शेठला फोन केला. "अगं ताई, ट्रिमर पाठवतो ना. आणि एक सांगू? तुझं लग्न झालं नाही ते एका अर्थी बरंच झालं. बाबांना केवढा आधार!"

फोन ठेवून दिला. नाहीतर तोंडातून काय निघालं असतं कुणास ठाऊक.

१२ जानेवारी

ब्रश उजेडात नेऊन पाहिला. शी! केसांच्या बुडाशी साबणाचा कडक थर, मधोमध टक्कल, मूठ उभी चिरलेली. जरा ओढलं की केस हातात. ठरवलं – हा नीट करायचा. ब्रश बघून तरी बाबा मला दाढी करू देतील. दिवसभर लॅबमध्ये लोकांच्या कवळ्या बनवते मी, कुणाकुणाची तोंडं सरळ केलीत. एक ब्रश म्हणजे काय मोठंसं?

१३ जानेवारी

ट्रिमर आला. बाबांनी खिडकीतून खाली टाकला. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं मला पटलं.

१५ जानेवारी

माती खाल्ली! कवळीच्या साच्यातलं मेण आम्ही उकळत्या पाण्याने काढतो. हात त्याच सवयीने चालला – मुठीतला जुना गोंद सुटावा म्हणून अख्खा ब्रश उकळत्या पाण्यात टाकला! गोंद सुटला आणि केसही गेले. वेडेवाकडे होऊन पाण्यावर तरंगत होते. मालक डोकावून म्हणाले, "सूप कुणासाठी?" सगळे हसले. मी बेसिनपाशी जाऊन रडले. या वयात, एका ब्रशसाठी. तेही कुणाच्या? जाऊ दे.

१८ जानेवारी

रंगाचे ब्रश बांधणाऱ्याकडे गेले. म्हातारा महाखवचट. "मूठ फेका, नवा घ्या." म्हटलं, केस नवे चालतील, मूठ हीच हवी. कुरकुर केली, पण खऱ्या केसांचा झुबका बांधून दिला. छान, भरगच्च.

चीर मी भरली. मूठ पिवळट पांढरी. दातांच्या रंगांची पट्टी लावून लावून कवळीच्या दातांची पूड निवडली. जुळला तो चहाबाजांचा रंग! मालक सगळ्यांना ओरडून सांगत होते, "बाई दाढीच्या ब्रशला दाढ बसवतायत!" बसवली. मग चाकावर घासून चकाकी आणली. चीर कुठे होती ते आता मलाही सांगता येणार नाही.

१९ जानेवारी

फुग्याला फेस लावून सराव. दोन फुटले. शेजारीण – "वाढदिवस कुणाचा गं?"

२० जानेवारी

झाली दाढी!

माझे कपडे खराब व्हायला नकोत म्हणून शेठचा जुना शर्ट चढवला, केस फडक्यात बांधले. वाटीत ब्रश घोळवला. काय फेस आला! बाबांनी ब्रश बघितला आणि आपणहून मान वर केली. डोळे मिटले. कुठेही कापलं नाही. केस नवे आहेत हेही त्यांना कळलं नाही.

शेवटी गालावरून हात फिरवत म्हणाले, "शेठ, तुमच्या हाताची सर कुणाला नाही. परत कधी जाणार?"

थट्टा वाटली. नीट बघितलं, थट्टा नव्हती. अंगाची लाही लाही झाली. हाडं मी झिजवायची आणि कौतुक त्याचं! तोंडावर सांगणार होते, मी आहे, मी! पण इतके खूश दिसत होते. "आहे अजून," मी म्हणाले. आवाज जाड करून.

२४ जानेवारी

डॉक्टर म्हणाले, या वयात माणसांची अशी अदलाबदल होते. एरवी मला ओळखतात – "अगं, चहा!" शर्ट आणि ब्रश दिसला की शेठ.

शेठशी काय गोड बोलतात! लहानपणीच्या गोष्टी, साहेबाशी झालेली भांडणं, आईची आठवण. माझ्याशी जन्मात एवढं बोलले नाहीत. आता रोज दाढी करते. लिहायलाही लाज वाटते, पण मला आवडायला लागलंय.

२७ जानेवारी

आज अर्धी दाढी झाली होती. बाबा डोळे मिटूनच म्हणाले, "शेठ, ताई कामावर गेली ना? तिच्या कानावर घालू नका. तो चष्म्याच्या दुकानातला मुलगा दोनदा आला होता हो, तिला मागणी घालायला. मी दारातूनच वाटेला लावला. म्हटलं, तिची इच्छा नाही. ती गेली असती तर माझं कोणी केलं असतं?"

घरी येतो असा शब्द देऊन फिरला म्हणून वीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घातल्या. समोरून आला की रस्ता बदलला.

"नाही सांगत," मी म्हणाले.

एक गाल राहिला होता. तोही केला.