पेठेचा पडदा

प्रिय गणूदादा,

हे पत्र तुला आहे, पण उद्या देवळापुढच्या पारावर उभा राहून मी ते मोठ्यानं वाचणार आहे. तेव्हा कंट्रोलच्या दुकानापुढं कापडासाठी दिवसभर ताटकळून रिकाम्या हातानं परतलेल्या गावकऱ्यांनो, तुम्हीही ऐका. आपलं सगळ्यांचं गाऱ्हाणं एकच आहे. लढाई कुठल्या कुठं चाललीय, आणि कापड मात्र आपल्या अंगावरचं गेलंय!

गणूदादा, उद्या तुझा पेठेचा पडदा लुगड्यांसाठी सोड्याच्या पाण्यात उकळायचं पंचांनी ठरवलंय. म्हणून आजच लिहितोय. उद्या दुपारनंतर लिहून काय उपयोग?

जत्रेतल्या नाटकासाठी तू हयातीत तीन पडदे रंगवलेस. राजवाडा आणि जंगल मागंच गुऱ्हाळाच्या काहिलीत गेले. त्यांची लुगडी झाली. पण रंग पुरता सुटला नाही. रखमाआजीच्या पाठीवर राजवाड्याचा एक खांब राहिलाय. पोरं विचारतात, "आजी, दरबार भरला का?" ती म्हणते, "भरलाय की! या मुजरा घालायला." गाव पोट धरून हसलं. मीही हसलो. आता हसू येत नाही. राहिलाय तो एकच पडदा, आपल्या पेठेचा.

तुला किती वेळा सांगितलं होतं, रंग सरसात कालवू नको, तेलात कालव! तू म्हणायचास, "गड्या, तेल भाजीला न्हाई, आन पडद्याला कुठनं आणू?" ऐकलं असतंस तर आज पाण्याची भीती नसती.

त्या पडद्यावर तू महारवाड्यातल्या सखारामला चावडीच्या वरच्या पायरीवर बसवलंस. डोक्याला जरीचा फेटा! पाटील केवढे लाल झाले होते, आठवतं? तू शांतपणे म्हणालास, "चित्रात बसलाय, पाटील. तुमच्या अंगाला लागत न्हाई." मी समतेवर घसा फोडून भाषणं केली, तरी खरा सखाराम अजून त्या पायरीच्या खालीच उभा राहतो. वर तो बसलाय फक्त तुझ्या पडद्यावर. तेवढीही जागा उकळून टाकायची?

ठराव ऐकला आणि तरातरा तुझ्या घरी गेलो. वाटलं, तानूवहिनी तरी माझ्या बाजूनं बोलतील. त्या दाराआडूनच बोलत राहिल्या. बाहेर येईनात. का येत नाहीत, हे कळायला मला किती वेळ लागावा!

"आवं भावजी," त्या म्हणाल्या, "चित्राला थंडी वाजत न्हाई. माणसाला वाजती. ह्यांनी रंगवलाय म्हनून मी नेसू नये व्हय?"

हक्कांवरची पुस्तकं वाचून कपाट भरलंय. त्यातलं एक वाक्य त्या दारापुढं टिकलं नाही. उघड्या अंगापेक्षा चित्र मोठं, असं म्हणायला जीभ रेटेना. आणि पडदा जाऊ दे, असं म्हणायलाही रेटेना. तू असतास तर काय म्हणाला असतास रे?

आज सकाळी देवळापुढं पडदा उलगडला. पाटील हातानं माप घेत होते. तुझी सुली आली. गावाची पेंटर आता तीच. बेंदराला बैलांची शिंगं तीच रंगवते, दुकानांच्या पाट्याही तिच्याच. माणसाचा चेहरा कसा काढायचा, ते ती ह्या पडद्याकडं बघून शिकली. मला वाटलं, रडेल, पाया पडेल. ती नुसती बघत उभी राहिली. मग मला म्हणाली,

"काका, आबांनी पेठंत एकबी बोडका गडी काढला न्हाई बगा. समद्यांच्या डोक्याला एवढं कापड, आन माज्या आईच्या अंगाला न्हाई."

पाटलांचा हात आपसूक स्वतःच्या फेट्याकडं गेला. माझाही गेला, गणूदादा!

जाता जाता पाटील एवढंच पुटपुटले, "पोरी, फेटा उतरवायचा तो मयताला."

तेव्हापासून जिवाला थारा नाही. आपली माणसं तुला माहीत आहेत. डोकं मागा, देतील. फेटा मागितला तर? उद्या माझं बोलणं संपलं आणि एकही हात वर गेला नाही तर? काहिलीखाली चिपाडं रचून ठेवलीत. लिहितानाही माझे कान तिकडंच लागलेत.

तुला शब्द देतो. माझा रोजचा फेटा आणि लग्नाकार्याचा फेटा, दोन्ही उद्या सगळ्यांच्या आधी खाली ठेवीन. तानूवहिनी दाराबाहेर येईपर्यंत कुठल्याही सभेत बोडक्यानंच उभा राहीन. लोकांनी विचारलं, कोण गेलं? तर सांगेन, अजून कुणी गेलं नाही, म्हणूनच उतरवलाय.

गावकऱ्यांनो, दोन फेटे काठाला काठ लावून शिवले की एक लुगडं होतं. काहील पेटायच्या आधी, आत्ता, इथंच, डोक्यावरचा फेटा उतरवा आणि ह्या पडद्यापुढं ठेवा.

तुझा, उघड्या डोक्याचा,
शंकर