म्याच्या हातातली वडी

रविवार, संध्याकाळ. तोआ पायोह, सिंगापूर

मी म्याचं अभिनंदन करायला नको होतं.

माझी फ्लॅटमेट थिरी म्यानमारची. तिकडे बंडखोरांनी लष्कराकडून एक शहर जिंकून घेतलं, म्हणून आज तिने खसखस लावलेल्या रव्याच्या वड्या केल्या आणि आपल्या बर्मी मित्रमैत्रिणींना बोलावलं. मागच्या महिन्यात हीच मंडळी थकून समझोत्याचं बोलत होती. आज एकाने समझोत्याचं नुसतं नाव काढलं, तर त्याला "गद्दार" म्हणून गप्प केलं. एका शहराने माणसं इतकी बदलतात?

आईचं वळण असं, की आनंदाच्या घरी कुणालाही वगळायचं नाही. म्हणून त्या मैत्रिणींपैकी स्वयंपाकघरात एकटीच कप धुणाऱ्या म्याकडे मी वडी घेऊन गेले. "काँग्रॅच्युलेशन्स!"

"थँक यू." तिने हात पुसून वडी घेतली. मग हळूच म्हणाली, "माझा धाकटा भाऊ त्याच शहरात होता. लष्कराने घरातून उचलून नेऊन भरती केलेला. चार दिवस फोन लागत नाही. ह्यांना सांगू नकोस."

"मग तुला हा विजय..."

"हवाच होता, लाह," ती इथल्या सिंगापुरी लकबीत म्हणाली. "रोज ह्या विजयाचीच प्रार्थना करत होते."

सॉरी म्हणायला हवं होतं का? की त्याने तिला अजूनच...

तेवढ्यात थिरीची हाक आली, "म्या, फोटो! ये लवकर!" म्या जाऊन मधोमध उभी राहिली. हातात ती वडी तशीच.

फोटो मीच काढला. सवयीने "हसा" म्हणाले. सगळ्यांच्या आधी म्या हसली.