रविवारसाठी धरलेली जागा

शिकागो, १६ जानेवारी १९७९

ती. काझिसदादास, अल्डोनाचा सा. न. वि. वि.

तू फ्लोरिडात उन्हात बसून हे वाचशील, म्हणून मुद्दाम लिहिते: इथे कमरेइतका बर्फ आहे. दोन दिवस फावडं मारून मी दारासमोर एका मोटारीपुरती जागा मोकळी केली आणि तिथे स्वयंपाकघरातली नवी पिवळी खुर्ची मांडली. समोरचा व्हिटकस लगेच आला. म्हणाला, बाई, तुमच्याकडे गाडीच नाही, खुर्ची कसली मांडता? मी म्हटलं, जो बर्फ उपसेल त्याची जागा आणि खुर्ची ही त्याची खूण, हा गल्लीचा नियम आहे; बर्फ कुणी उपसला ते बघ, मग बोल. पाय आपटत गेला.

आपला रिमास रविवारी येतो म्हणालाय, बायको जोनला आणि मुलीला घेऊन. त्याच्या बापाला पुरून आलो आणि हे घर विकून टाक असं तो म्हणाला त्यावरून भांडलो, त्याला चार वर्षं झाली. नात तीन वर्षांची झाली, मी अजून पाहिलेली नाही. गाडी लावायला जागा नव्हती, ही सबब मी त्याला ठेवणार नाही.

माझ्यावर लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

अल्डोना

टॅम्पा, १९ जानेवारी

चि. अल्डोनास अनेक आशीर्वाद.

सहासष्टाव्या वर्षी फावडं मारतेस, धन्य आहेस. व्हिटकसच्या बापानेही एकदा आपली जागा ढापली होती. त्याच्या मोटारीवर रात्री पाण्याच्या बादल्या ओतून तिचा बर्फाचा गोळा कुणी केला, ते मी अजून सांगत नाही.

रविवारी रिमासने घराचा विषय काढला तर त्याच्या ताटात आणखी बटाट्याचं कुगेलिस वाढ आणि गप्प बस. जमणार नाही तुला, पण बघ.

काझिस

मिलवॉकी, २२ जानेवारी

ती. आईस, शि. सा. न. वि. वि.

काल आम्ही आलो होतो. गल्लीत तीन फेऱ्या मारल्या. प्रत्येक जागेत काहीतरी ठेवलेलं, शिडी, पिंप, इस्त्रीचं टेबल. आपल्या दारासमोर कुणाची तरी पिवळी खुर्ची. जोन म्हणाली, सरकव की बाजूला. ती आपल्या गल्लीतली नाही, तिला काय सांगणार? लहानपणी दुसऱ्याची खुर्ची हलवली म्हणून तू मला भर रस्त्यात थोबाडीत दिली होतीस. अजून हात धजत नाही.

खरं सांगतो. ती खुर्ची पाहून मला हायसं वाटलं. परत फिरायला कारण मिळालं. खिडकीकडे पाहिलंसुद्धा नाही. घरी पोचल्यावर लाज वाटली, म्हणून फोन न करता लिहितो आहे.

रागाव, पण लोभ सोडू नकोस.

रिमास

शिकागो, २५ जानेवारी

चि. रिमासला आईचे आशीर्वाद.

खुर्ची आपलीच आहे. तुझ्यासाठी मांडली होती. तुला कळवायला हवं होतं, ते मला सुचलं नाही.

मी खिडकीतच होते. एक निळी मोटार तीनदा गेली. तुझी गाडी मी कधी पाहिली होती? मला वाटलं, कुणी आगाऊ माणूस माझ्या जागेवर टपलाय. म्हणून मी पडदा सारून, चल, पुढे हो, असा जोरजोरात हात हलवला.

बर्फ अजून आहे, तोवर जागेवर हक्क आहे. या रविवारी ये. खुर्ची उचल आणि दार वाजव. घराचं काय ते बोलू, मी ऐकेन.

त्या मोटारीत मागे लाल टोपीतली एक मुलगी होती. तिनेही मला हात हलवला.

तुझी आई