रामबचनचं ताट

अंबाडी, ता. ५ ऑक्टोबर २०२५

चि. मृणाली हिस, आजी धोंडूबाईचे अ. उ. आ.

बोलणारी मी, लिहिणारी तुझी चंद्राआत्या. ती माझं बोलणं धुऊन-पुसून लिहिते, तेव्हा जे गोड वाटेल ते तिचं समज. फोन करू नको. कान गेले माझे. फोनात तू नुसती माशासारखी तोंड हलवतेस.

गुडघा रडतो, पण चालतो. इथं स्टँडवर ऐकलं, नारपोलीत मालक लूम भंगारात काढतायत. मग आपल्या 'सोबत' मंडळाच्या भिसीच्या खानावळीत जेवायला कोण उरलं? करोनाच्या टाळेबंदीत मी परमुलखातल्या कामगारांसाठी अंगणात चूल मांडली, तेव्हा तुझा बाप म्हणाला होता, चार दिवसांचं खूळ. चूल अजून पेटते, हे त्याला माझ्या नावानं ऐकव. आणि ज्यानं त्यानं आपलं ताट आपण घासायचं, हा माझा नियम मोडू देऊ नको. रामबचन बघ, ताप असला तरी दुसऱ्याला ताटाला हात लावू देत न्हाय.

त्याचा खोकला मी नारपोलीहून इकडे आले तेव्हाच तिसऱ्या घरी ऐकू जात होता. उभा जन्म लूमवरचा कापूस नाकातोंडात गेला त्याच्या. थंडीआधी त्याला गोरखपूरकडे बायकोजवळ धाड. ताटही नेऊ दे. मांडणीवर ताट ठेवून गेलेला परत येतो, घेऊन गेलेला येत न्हाय, ही भिसीची रीत मला ठाऊक हाय. म्हणूनच सांगते.

आठवण येते हे आत्यानं घातलंय. खोटं न्हाय.

तुझी आजी

नारपोली, ता. १३ ऑक्टोबर

ती. आजीस मृणालीचा शि. सा. न. वि. वि.

रात्रपाळी बंद झाली. मांडणीवर पूर्वी ताटावर ताट रचावं लागायचं, आता मागची भिंत दिसते. जाणारे ताट फडक्यात बांधतात आणि निघतात. आम्ही तिकिटं काढून देतो, आजाऱ्यांना दवाखान्यात नेतो, अडकलेल्या पगारासाठी मालकांची दारं वाजवतो. पण जे आम्हाला धान्य द्यायचे त्यांचेच कारखाने बंद पडलेत. तुझ्यामागं चूल सांभाळणाऱ्या हौसाबाई म्हणतात, डाळ इतकी पातळ झालीय की माणसं तिच्यात बघून भांग पाडतात.

रामबचनचाचांची फुप्फुसं गेली, असं डॉक्टर सांगतात. त्यांच्या गावचा एकजण सोबतीला मिळाला, तिकीटही झालं होतं, पण ऐनवेळी ते उठेनात. दिवाळीनंतर लूम चालू होतील, म्हणतात. घरी आजार कळवलेला नाही, आम्हालाही कळवू देत नाहीत. ताट बांधू का विचारलं, तर भिंतीकडे तोंड केलं. बळजबरीनं पाठवावं तर वाटेत काही झालं तर? ठेवून घ्यावं तर बायकोची भेट राहील. आजी, मला काही कळत नाही.

आत्यास नमस्कार. तुझा हात डोक्यावर राहो.

तुझी मृणाली

अंबाडी, ता. १८ ऑक्टोबर

चि. मृणाली हिस, अ. उ. आ.

हट्टी माणसासाठी दार अर्धं उघडं ठेवावं. त्याला सांग, म्हातारी म्हणाली, ताट राहू दे, नुसता तू जा. ताटाला राखण मी. हेही सांग, की तू गेलास की मी भिसीत सुकट रांधणार. वासानं नाक दाबून अंगणात पळायचा आणि लोणच्यासाठी पहिला परत यायचा, लबाड!

बायकोला आजच कळव. त्याला राग आला तर माझ्यावर येऊ दे.

आणि बरं-वाईट जे असेल ते लिही. मी म्हातारी हाय, कच्चं मडकं न्हाय.

तुझी आजी

नारपोली, ता. ६ नोव्हेंबर

ती. आजीस शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. दिवाळी साधीच झाली. हौसाबाईंनी करंज्या केल्या, निम्म्या उरल्या.

तुझा निरोप रामबचनचाचांना सांगितला. सुकटीचं ऐकून हसले. ताटाची काळजी करू नकोस, ते जागेवरच आहे. मी स्वतः रोज घासून ठेवते.

थंडी वाढलीय. तू इतक्यात येऊ नकोस, गुडघा जप. बाकी सर्व ठीक.

तुझी मृणाली

अंबाडी, ता. १० नोव्हेंबर

चि. मृणाली हिस, आशीर्वाद.

आत्यानं पत्र वाचलं. मी म्हटलं, घासण्याचं पुन्हा वाच. तिनं वाचलं. मग म्हटलं, आता ठेव.

तो जिता असता तर तुला ताटाला हात लावू दिला असता का? गावाला गेला असता, तर तू चार पानं भरून लिहिलं असतंस. पोरी, तुला भाकरी थापायला मी शिकवलं, खोटं बोलायला शिकवायचं राहिलं.

रागावले न्हाय. त्याला खांदा कुणी दिला आणि बायको पोचली का, एवढं लिही. न्हाय पोचली, तर तेही लिही.

ताट आता मांडणीवर ठेवायचं न्हाय. मांडणीवर हाय तोवर तो येणार, असं त्याची माणसं धरून चालतील, आणि तूही. रविवारी मंडळातल्या भावेशला गाडी घेऊन पाठव. मी येते, एकदा माझ्या हातानं घासते, मग गोरखपूरकडं जाणाऱ्याबरोबर त्याच्या बायकोला धाडू.

फक्त एक अडलंय. कुणाच्या घरी रिकामं भांडं परत पाठवायचं नसतं. आत्या म्हणते साखर घाल, मूठभर तांदूळ घाल. सगळं हलकं वाटतं गं. त्या बाईच्या हातात ताट जाईल, तेव्हा त्यात काय असावं, हे हौसाला विचार. मला सुचत न्हाय.

ताटात माया आहेच, ती सांडू देऊ नको.

तुझी आजी