कुंकू बाहेरच होतं

सुजित,

तू शिफ्टला गेल्यावर कॉम्प्युटर दुरुस्तीवाला येऊन गेला. पाच मिनिटांत कॉम्प्युटर चालू झाला. नवं कॅबिनेट तूच बसवलंस ना, मोबाइलवर व्हिडिओ बघून? त्याच्या बटणाची वायर आत जोडायचीच राहिली होती. मग बटण कितीही दाबलं तरी काय होणार? कुंकू बाहेरच्या पत्र्यावरच होतं, आत कणभरही गेलं नव्हतं. मी त्याला टॉर्च लावून दोनदा बघायला लावलं.

दसऱ्याला काका-काकू सोनं द्यायला आले, तर त्यांच्यासमोर म्हणालास, "आईच्या पूजेने कॉम्प्युटरची वाट लागली." काकू तोंडाला पदर लावून हसली. तुझ्या बाबांनी चाकणला सव्वीस वर्षं प्रेस मशीन चालवली. दर खंडेनवमीला तिला हळदकुंकू वाहिलं. त्याने ती एकदाही बंद पडली नाही.

कॅबिनेट पुसून ठेवलंय. पुढच्या दसऱ्याला तुझं तू बघ. आमटी ओट्यावर झाकलीय, भात लावून घे. मी ताईकडे सांगवीला चाललेय. आधी काकूला फोन करून वायरचं सांग. तिचा मला फोन आला, की मगच तुझा उचलेन.

आई